दप्तर कोणाच्या मालकीचे?

(गावच्या वाचनालयात शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका प्राथमिक शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आज मला दोन कचेऱ्यांविषयी बोलावयाचे आहे. पैकी एक तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. तिच्या पायऱ्या किती, ओट्यावर सावली केव्हा येते आणि आतला कारकून जेवावयास कधी उठतो, हे तुम्हीच मला सांगाल. दुसरी कचेरी युरोप खंडाच्या उत्तरेस स्वीडन म्हणून देश आहे, तिथली. ती तुमच्यापैकी कोणी पाहिलेली नाही, मीही पाहिलेली नाही. पण तिथल्या कायद्यांचे इंग्रजी तर्जुमे तिथल्या सरकारनेच सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते मी शब्दकोश शेजारी घेऊन वाचले. शिवाय माझा एक जुना विद्यार्थी, सुताराचा मुलगा, पुण्याकडच्या कारखान्यातून तिकडे कामास गेला आहे. त्याला मी फोनवर प्रश्न विचारून भंडावून सोडतो. तेव्हा माझे सांगणे अगदीच वाऱ्यावरचे नव्हे.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्वीडनची वस्ती एक कोटीहून थोडी अधिक. आपल्या एकट्या महाराष्ट्राची वस्ती २०११ च्या खानेसुमारीत ११ कोटी २४ लाख भरली. तो देश श्रीमंत आहे, त्याच्यावर दीडशे वर्षे परक्यांचे राज्य झालेले नाही. म्हणून "तिकडे बघा आणि इकडे बघा" असे म्हणून आपल्याच माणसांना हिणवण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. मला एकच गोष्ट पाहावयाची आहे. कचेरीत जो कागद असतो, तो कोणाचा? लिहिणाऱ्याचा, की ज्याच्याविषयी लिहिले त्याचा?

आधी आपले घर पाहू. जुन्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. दप्तर म्हणजे रुमालात बांधलेले कागद. कुलकर्णीपण हे वतन होते. बापामागून ते मुलाकडे जाई, आणि बहुधा एकाच जातीत राही. लिहिणे मोडीत. शेतकऱ्याने अंगठा उठवावयाचा आणि "काय लिहिले?" असे विचारले तर "तुला काय कळतंय त्यातलं?" हे उत्तर घेऊन घरी जावयाचे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात अक्षरशून्य कुणबी कचेरीत आणि कोर्टात लेखणीखाली कसा नागवला जातो, हे फोड करून मांडले आहे. शेताची राखण करता येते, पण न वाचता येणाऱ्या कागदाची राखण कशी करणार?

त्याआधी आठ वर्षे काय झाले होते, ते तुमच्यापैकी पुणे आणि नगरकडच्यांना ऐकून ठाऊक असेल. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जखते बाहेर ओढून त्यांनी ती जाळली. ते लोण पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. पुष्कळ ठिकाणी माणसाच्या जिवाला हात लावलेला नाही. रोख सारा कागदावर होता. ती खते सावकाराची, सरकारी दप्तर नव्हे, हे खरे. पण ज्या माणसाला कागद वाचता येत नाही आणि कोणी वाचूनही दाखवीत नाही, त्याच्याजवळ कागदाचे करण्याजोगे एकच काम उरते, ते म्हणजे आगकाडी. १८७९ साली सरकारने दक्षिणेतल्या शेतकऱ्यांच्या कर्जाविषयी कायदा केला, त्यामागे हीच आग होती.

पुढे १९१८ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. त्याच्या आधल्याच वर्षी त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते. या दोन गोष्टी एकामागून एक झाल्या, यात मला मोठे शहाणपण दिसते. दप्तर वतनातून सोडवावयाचे आणि त्याच वेळी ते वाचणारा माणूसही तयार करावयाचा. मुंबई इलाख्यातली कुलकर्णी वतने पुढे १९५० च्या कायद्याने गेली. वतन गेले, मोडीही गेली. २०२४ साली तर तलाठी हे नावही गेले. आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे. इतके सारे गेले, पण रुमालाची गाठ ज्याच्या हाती त्याचेच दप्तर, ही समजूत गेली काय?

ही समजूत कायद्याने मोडण्याचे काम जगात पहिल्याने जिथे झाले, तो देश स्वीडन. म्हणून मी तो निवडला.

साल १७६६. पानिपताला पाच वर्षे होऊन गेली होती आणि पुण्यात थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते. त्या वेळी स्वीडनमध्ये राजा होता, पण सत्ता बहुतेक लोकसभेच्या हाती होती. त्या सभेत चार वर्ग वेगवेगळे बसत: सरदार, पाद्री, शहरचे व्यापारी आणि चौथे शेतकरी. होय, शेतकरी! ज्याच्या नावे जमीन आहे असा कुणबी तिथे आपला प्रतिनिधी निवडून पाठवीत असे. भूमिहीन मजुराला आणि सरदारांच्या जमिनीवरच्या कुळाला मात्र त्यात जागा नव्हती, हेही सांगितले पाहिजे. पण शेतकऱ्याला जागा मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. सभेची एक गुप्त समिती असे. परराज्यांशी व्यवहार आणि खजिन्याचा हिशेब, म्हणजे खरी सत्ता, तिच्या हाती. आणि त्या समितीत शेतकऱ्यांना घेत नसत. तीन वर्गांनी आत बसावयाचे आणि चौथ्याने बाहेर ओट्यावर. आपल्याकडच्या ओट्याची आठवण होते की नाही?

त्या सभेत अँडर्स शिडेनियस नावाचा एक तरुण पाद्री फिनलंडच्या किनाऱ्यावरून आला होता. फिनलंड तेव्हा स्वीडनच्याच राज्यात होते. त्याच्या मुलखातले शेतकरी लाकडापासून डांबर काढीत. जहाजांना ते लागे, मागणी मोठी. पण तिथल्या गावांना परदेशाशी थेट व्यापार करण्याची बंदी होती. माल स्टॉकहोमच्या व्यापाऱ्यांच्या हातून जावयाचा आणि मलई तिथेच राहावयाची. आपल्या ऊस, कांदा, कापूस पिकविणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. ती बंदी १७६५ साली उठली. पण तेवढ्यावर शिडेनियसचे समाधान झाले नाही. असले नियम बंद दाराआड होतात म्हणूनच टिकतात, हे त्याने ओळखले. मग छापण्याच्या स्वातंत्र्याच्या कायद्यासाठी तो झटला आणि त्या कायद्यात एक कलम आले: सरकारी कचेऱ्यांतले कागद लोकांस पाहता यावेत, उतरून घेता यावेत आणि छापताही यावेत. २ डिसेंबर १७६६ रोजी तो कायदा जाहीर झाला. गंमत अशी की तोवर शिडेनियसला सभेतून काढून टाकले होते! सरकारच्या नाण्याविषयीच्या धोरणावर त्याने टीका छापली, हा त्याचा अपराध.

आता तुम्ही म्हणाल, ते लोकच मुळी सच्छील, म्हणून असा कायदा करू शकले. छे! त्या काळच्या त्यांच्या लोकसभेत दोन पक्ष होते. एकाला हॅट म्हणत, दुसऱ्याला टोपी. हॅटवाल्यांना फ्रान्सकडून पैसा येई आणि टोपीवाल्यांना रशियाकडून. कायदा झाला तो अशा सभेत झाला. पुढे १७७२ साली राजाने सत्ता बळकावली आणि कायद्याचा गळा आवळला. नवी राज्यघटना झाली ती १८०९ साली, मग तो पुन्हा जिवंत झाला. म्हणजे तिथेही एकदा मिळालेली गोष्ट गेली, पुन्हा मिळवावी लागली. उपजत प्रामाणिक असे राष्ट्र कुठले नसते.

मास्तर या नात्याने एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्वीडनमध्ये १६८६ च्या धर्मकायद्याने प्रत्येकाने धर्माची पोथी वाचावयास शिकलेच पाहिजे असे ठरविले होते. पाद्री घरोघर जाऊन मालक, मालकीण, गडी, मोलकरीण सर्वांचे वाचन तपासत आणि कोणाला किती येते हे वहीत लिहून ठेवीत. हेतू धर्माचा होता, लिहावयास शिकवण्याची सक्ती नव्हती. पण त्याचा परिणाम असा की १७६६ साली कागद उघडे झाले तेव्हा ते वाचू शकणारा कुणबी गावोगाव होता. आपल्याकडे वाचणे हेच पाप ठरविले गेले होते. दोन देशांच्या कचेऱ्यांत जो फरक आज दिसतो, त्याचे अर्धे मूळ इथे आहे, असे माझे मत आहे.

आता आजचा कारभार पाहू. स्वीडनमध्ये कोणत्याही सरकारी कचेरीत कोणीही जावे, फोन करावा किंवा पत्र टाकावे आणि अमुक कागद दाखवा म्हणावे. कारकुनाने "तुमचे नाव काय? तुम्हाला हे कशाला हवे?" असे विचारावयाचे नाही. तशी कायद्याने मनाई आहे. कागद गुप्त ठेवण्याजोगा आहे की काय, हे ठरविण्यापुरतेच काय ते विचारता येते. जागेवर बसून वाचण्यास पैसा पडत नाही. सरकारी खात्यांत नऊ पानांपर्यंतच्या नकला फुकट. दहावे पान झाले की त्यांच्या चलनात ५० क्रोनर आणि पुढे दर पानास २. देण्यास उशीर करता येत नाही. "साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या" हे कारण तिथे चालत नाही. कचेरीत आलेल्या पत्रांची नोंदवही असते आणि ती वहीदेखील खुली. नगराध्यक्षाला कोणी कंत्राटदाराने पत्र लिहिले तर ते पत्र वर्तमानपत्रवाला दुसऱ्या दिवशी मागून वाचू शकतो.

सारेच कागद खुले नसतात. आजारी माणसाची दवाखान्यातली नोंद, देशाच्या संरक्षणाची कामे, अर्धवट मसुदे, अशांना आडपडदा आहे, आणि त्यासाठी २००९ चा लांबलचक गुप्ततेचा कायदा आहे. पण नाही म्हणावयाचे तर कोणत्या कलमाखाली नाही, हे लेखी मागता येते आणि त्यावर वरच्या न्यायालयात दाद मागता येते. त्या न्यायालयात फी लागत नाही.

आणखी एक नवलाची गोष्ट. कचेरीतल्याच एखाद्या नोकराला काही काळेबेरे दिसले आणि त्याने ते वर्तमानपत्राला सांगितले, तर ते कोणी सांगितले याचा शोध घेण्यास वरिष्ठांना मनाई आहे. शोध घेणारा साहेबच गुन्हेगार ठरू शकतो. आमच्याकडे पहिला प्रश्न हाच असतो की, बाहेर बोलला कोण?

माझ्या विद्यार्थ्याला मी विचारले, "कारकून नीट बोलतो का?" तो म्हणाला, "गुरुजी, बोलणं काही फार गोड नसतं. पण पत्र येतं त्याच्या तळाशी ज्या माणसाकडे काम आहे त्याचं नाव असतं, फोन नंबर असतो. मी त्याला विचारतो, तो सांगतो." हे ऐकून मी बराच वेळ विचार करीत राहिलो. कारण साऱ्या तुलनेचे बीज यातच आहे. तिथे मागणाऱ्याला नाव विचारीत नाहीत, आणि देणाऱ्याचे नाव कागदावर असते. आपल्याकडे याच्या उलट. आपल्याकडे मागणाऱ्याने नाव, गाव, बापाचे नाव, आधार क्रमांक आणि फोटो द्यावयाचा; आणि आपले काम नेमके कोणाच्या टेबलावर अडले आहे, त्या माणसाचे नाव त्याला शेवटपर्यंत कळत नाही. "वरून आले नाही," "खाली पाठविले आहे," एवढेच ऐकावयास मिळते. वर म्हणजे कोण आणि खाली म्हणजे कोण?

आता या 'वर'विषयी. स्वीडनच्या राज्यघटनेत असे कलम आहे की, कचेरीपुढे एखाद्या माणसाचे प्रकरण असेल तर त्याचा निकाल कसा द्यावा हे मंत्र्याने किंवा लोकसभेनेही सांगावयाचे नाही. कायदा करावा, पैसा मंजूर करावा, पण अमक्याला परवाना द्या, तमक्याचा रोखा, असा फोन करावयाचा नाही. आपल्याकडे आपण काय करतो? आपले काम अडले की आपणच आमदाराच्या दारी जाऊन "एक फोन करा साहेब" म्हणतो. फोन होतो, काम होते, आणि आपण खूष होऊन परततो. पण ज्या फोनने आज आपले काम झाले, त्याच फोनने उद्या शेजाऱ्याचा बांध आपल्या शेतात सरकतो. मग आपण रडतो.

"सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण तुमच्या तोंडी आहे. ऐकून हसाल, पण स्वीडनच्या कायद्यातही सहा महिनेच आहेत! फरक असा की, तिथे अर्ज करून सहा महिने झाले आणि निकाल लागला नाही, तर अर्जदाराने लेखी कळवावयाचे: माझा निकाल द्या. मग कचेरीने चार आठवड्यांत निकाल द्यावा, किंवा आत्ता का देता येत नाही ते लेखी सांगावे, आणि त्या सांगण्यावरही वर अपील चालते. २०१८ पासून हा नियम आहे. आपल्याकडे सहा महिन्यांची म्हण झाली, त्यांनी त्याचे कलम केले.

भाषेचेही तसेच. २००९ सालच्या त्यांच्या भाषेच्या कायद्यात लिहिले आहे की, सरकारी लिखाण साधे आणि समजेल असे असावे. आपल्याकडे १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, चांगले झाले. पण कचेरीतून मराठीत आलेले पत्र घेऊन तुम्ही माझ्याकडे येता आणि "गुरुजी, हे मराठीत सांगा" म्हणता! "उपरोक्त विषयान्वये आपणांस अवगत करण्यात येते की" याचा अर्थ "तुम्हांला कळवितो की" एवढाच. मोडी गेली, पण नवी मोडी आली. जुन्या मोडीची गोष्ट तर अशी की, २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा सरकारला मोडी वाचणारी माणसे हुडकावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या ते कागद सरकारी कपाटात होते, आणि ज्यांच्याविषयी ते लिहिले होते त्यांनाच ते वाचता येत नव्हते.

कारागीर बांधवांनी आता माझ्याकडे लक्ष द्यावे. मुलाला जातीचा दाखला काढावयाचा असतो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. तो पुरावा कोठे असतो? आजोबा ज्या शाळेत दोन इयत्ता शिकले, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात. म्हणजे सरकारी शाळेच्या वहीतला उतारा काढून तो सरकारी कचेरीत नेऊन द्यावयाचा, की सरकारला सरकारचे म्हणणे खरे वाटावे! आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर जन्म-मृत्यूची नोंद धुंडावी. कुंभाराने चाक सोडून आणि लोहाराने भाता सोडून या कचेरीतला कागद त्या कचेरीत वाहावयाचा. एका दाखल्यापायी चार दिवसांची मजुरी जाते, ती कोणत्याच हिशेबात धरलेली नसते.

स्वीडनमध्ये माणसांची नोंद पूर्वी चर्चमधला पाद्री ठेवी. १९४७ साली प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला आणि १९९१ साली ती सारी नोंद पाद्र्याकडून काढून कर खात्याकडे दिली. आता एका कचेरीस माणसाचा पत्ता वा जन्मतारीख हवी असली तर ती दुसऱ्या कचेरीकडून परस्पर घेते. आपल्याकडे आधार क्रमांक आला, संगणक आला, 'आपले सरकार' केंद्रे निघाली. सातबारा घरबसल्या १५ रुपयांत सहीचा मिळतो, ही सुधारणा खरी आहे आणि मी ती मानतो. पण उतारा मिळणे निराळे आणि उताऱ्यावर योग्य नाव चढणे निराळे. फेरफाराचा नियम आपल्या महसूल कायद्यातच आहे: नोंद धरली की चावडीवर लावावी, संबंधितांना कळवावे, पंधरा दिवसांत हरकत घेता यावी, हरकत आली तर ती निराळ्या वहीत चढवून तिचा निकाल द्यावा. किती जणांनी आपल्या बहिणीच्या, आईच्या, विधवा भावजयीच्या नावाची नोटीस चावडीवर वाचली आहे? नावे कमी झाल्यावर मग माहेरवाशिणी रडत येतात.

म्हणजे आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ च्या सुमारास आला, अण्णा हजारे यांनी त्यासाठी उपोषणे केली. राजस्थानात शेतमजुरांनी आपल्या हजेरीपटाच्या नकला मागून गावसभेत त्या मोठ्याने वाचल्या, तिथून ही चळवळ उठली. हजेरीपटावर मेलेल्यांची नावे निघाली! साऱ्या देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. त्यातही कारण सांगण्याची सक्ती नाही. तीस दिवसांत उत्तर. चुकल्यास अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये दंड, कमाल २५ हजार. नुसता कागद नव्हे, काम तपासण्याचा आणि रस्त्याच्या मालाचा नमुना घेण्याचाही हक्क. २०१५ सालच्या महाराष्ट्राच्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत ठरविली आणि उशिराला ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. कागदोपत्री काही बाबतींत आपला कायदा स्वीडनपेक्षा कडक आहे.

मग अडते कुठे? एक तर अपिलाच्या शेवटच्या पायरीवर. २०२३ साली महाराष्ट्राच्या माहिती आयोगापुढे लाखाहून अधिक प्रकरणे तुंबली होती. तीस दिवसांचा हक्क वर्षांवर गेला तर त्याचा दरारा कोणाला वाटणार? आणि दुसरे, त्या नावापाशी. अर्जावर कारण लिहावे लागत नाही, पण उत्तर येण्यासाठी नाव आणि पत्ता द्यावाच लागतो. तो पत्ता कचेरीतून कोणाकोणाला कळतो? १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा भर रस्त्यात खून झाला. जमिनीच्या गैरव्यवहारांची माहिती ते याच कायद्याखाली काढीत होते. स्वीडनच्या कायद्याने मागणाऱ्याचे नाव विचारू नये म्हटले, ती काही नुसती सभ्यता नव्हे.

आता कोणी म्हणेल, खुर्चीवर बसणारे आपले नाहीत म्हणून असे होते. ते दिवस गेले. आज तलाठी, ग्रामसेवक, मंडळ अधिकारी, अव्वल कारकून यांत कुणब्यांची, माळ्यांची, धनगरांची, सुतार-लोहारांची मुले पुष्कळ आहेत. मी शिकविलेलीही आहेत. आईबापांनी जनावरे विकून त्यांना शिकविले. खुर्ची आपली झाली. पण दप्तराचा रुमाल त्यांनीही तसाच आवळून धरला, तर वतन फक्त एका घरातून दुसऱ्या घरात गेले. हे मी रागाने बोलत नाही. त्या मुलांवर वरून फोन येतात, बदलीची टांगती तलवार असते, एकेकाकडे दोन-तीन गावे असतात. खरे बोलणाऱ्या कारकुनाला स्वीडनमध्ये जे संरक्षण आहे, ते इथे त्याला नाही. त्याच्यासाठीही आपण ते मागितले पाहिजे.

स्वीडनचे सारेच गोड आहे असे समजू नका. तिथे तुमचा पत्ता, जन्मतारीख, कर आकारलेले उत्पन्न हे शेजाऱ्यालाही कळू शकते. काही धंदेवाईक मंडळी ही माहिती गोळा करून इंटरनेटवर विकतात, आणि एकट्या म्हाताऱ्यांना फसविणाऱ्या ठगांना ती आयतीच सापडते. पुष्कळ कामे आता बँकेच्या एका फोनवरच्या ओळखपत्राने होतात. ज्याला ते जमत नाही असा म्हातारा आणि नुकताच आलेला परदेशी तिथेही ताटकळतो. परदेशातून आलेल्यांच्या परवान्यांचे अर्ज महिनोन्‌महिने रेंगाळले म्हणून त्यांच्या लोकपालाने त्या खात्यावर ताशेरे ओढले आहेत. हा लोकपाल १८०९ सालापासून आहे; तो कोणत्याही कचेरीत जाऊन कोणताही कागद मागू शकतो. आपल्याकडे लोकायुक्ताचा कायदा १९७१ साली झाला. त्यांच्याकडे तक्रार कशी करतात हे या सभेत किती जणांना माहीत आहे, हात वर करा पाहू. एकही नाही. बरे, ते पुढच्या वेळी सांगेन.

आता कामाचे सांगतो. माहितीच्या कायद्याचे चौथे कलम असे आहे की, प्रत्येक कचेरीने कोणी न मागताच सतरा बाबी जाहीर केल्या पाहिजेत. त्यांत अधिकाऱ्यांची नावे, त्यांची कामे, त्यांचा पगार, आणि अनुदान कोणाकोणाला दिले त्यांची यादी, हेही आले. ही यादी पाहण्यासाठी अर्ज करावा लागू नये, म्हणूनच ते कलम आहे. तालुक्याला गेलात की कोणाचे काम असो वा नसो, ती कुठे लावली आहे एवढे विचारा.

दुसरे, २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने असा निर्णय काढला की जिल्हा पातळीवरच्या कचेऱ्या व स्थानिक स्वराज्य संस्था यांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागद पाहू द्यावेत. स्वीडनच्या चालीला आपल्याकडची ही सर्वांत जवळची गोष्ट आहे. ती आपल्या जिल्ह्यात कितपत पाळली जाते, हे तिथे जाऊन पाहिल्याशिवाय कळावयाचे नाही. येत्या सोमवारी शाळेला सुट्टी आहे. ज्यांना यावयाचे त्यांनी सकाळच्या एस.टी.ने चलावे, आपल्या गावच्या पाझर तलावाच्या दुरुस्तीचा हिशेब आपण पाहावयास मागू. बायकांनीही यावे, कारण त्या कामावर मजुरी त्यांनीच अधिक केली आहे. आणि ज्यांना लेखी अर्ज द्यावयाचा आहे त्यांनी रविवारी संध्याकाळी इथेच यावे. येताना एक कोरा कागद आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना स्टॅम्प लागत नाही, त्यांनी दाखल्याची नकल आणावी. अर्ज आपापल्या हाताने लिहावयाचा आहे. शब्द अडला तर मी सांगेन.